टेरेब्रंटपुढची रिकामी जागा

हवालदारांच्या टेबलापुढे 'लय' म्हणायला बंदी होती. सांगलीत ऊन लय पडतं, पाहुणे लय येतात आणि कृष्णेचं पाणीसुद्धा वाढलं की लयच वाढतं. अशा गावात ही बंदी घालायला छाती पाहिजे. त्यांनी ती घातली होती आणि आमच्या दवाखान्यात ती पाळलीही जायची. पोट धरून आलेली एखादी बाई "लय दुखतंय" म्हणाली की हवालदार पेन्सिल खाली ठेवत.

"लय सोडून सांगा, ताई."

"आवं, लय म्हंजी लयच दुखतंय की!"

"त्ये कळलं. दुखत नसतं तर तुमी हितं आला नसता. कसं दुखतंय? आग व्हतीया, कळ मारतीया, का पिळा पडतोय?"

बाई जरा विचारात पडायची. विचार करताना तिचा चेहरासुद्धा बदलायचा. मग म्हणायची, "धुनं पिळल्यावानी व्हतंय बगा. पिळतंय, सोडतंय, परत पिळतंय."

"हां! आता कसं!" म्हणत हवालदार पेन्सिल उचलायचे. पेन्सिल लाल-निळी, दोन टोकांची. निळ्या टोकानं पेशंटचा शब्द लिहायचा आणि त्याच्यापुढे लाल टोकानं डॉक्टरांचा. केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्याखाली त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेला एक रकाना असे, 'कसं दुखतं'. तो भरल्याशिवाय कागद आत जात नसे. ज्याला शब्द सुचत नसे त्याला समोरच्या बाकावर विचार करायला बसवलं जाई. छातीत दुखणारे, धाप लागलेले आणि लहान मुलं तेवढी यातून माफ.

हळदीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आमचा तो ट्रस्टचा दवाखाना होता. मी साताऱ्याची, नुकतीच एमबीबीएस झालेली, पहिल्याच नोकरीवर. गळ्यातला स्टेथोस्कोप घरी जातानाही काढायचा नाही, असं माझं तेव्हाचं वय. पहिल्याच दिवशी पट्टीनं आखलेला तो रकाना पाहिला आणि मला हसू आलं. केसपेपर लिहिणाऱ्या माणसानं मला लक्षणं सांगायची म्हणजे काय! मी तसं बोलूनही दाखवलं. "सुभेदार, हे आमचं काम आहे हो."

ते उभे राहिले. "हवालदार," म्हणाले. "सुभेदार न्हाई. मला न मिळालेलं तारं खांद्यावर लावू नका, डॉक्टरबाई."

माझ्या बोलण्यातली तेवढी एकच चूक त्यांना दुरुस्त करावीशी वाटली. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि रकाना भरत राहिले.

ते रहिमतपूरजवळच्या एका गावचे. घरी ऊस, घरातले निम्मे पुरुष फौजेत. बाकीच्यांनी बंदुका धरल्या, हे मात्र लष्करी इस्पितळात नर्सिंग असिस्टंट झाले. वीस-बावीस वर्षं पट्ट्या बांधून, टाके काढून परत आले आणि केसपेपरच्या टेबलाशी बसले. दाढी रोज दोनदा, सकाळी घरी आणि दुपारी डबा खाल्ल्यावर दवाखान्यात. बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. टेबलाच्या खणात एक लांबोडकी वही, जिल्द तीनदा बदललेली. त्या वहीत दुखण्याचे शब्द होते. एकीकडे निळे, दुसरीकडे लाल. ठणका, पुढे थ्रॉबिंग. चुरचुर, चमक, सणक, तिडीक, उसण, भगभग, ठसठस, सलणं, आणि प्रत्येकापुढे लाल अक्षरात त्याचा इंग्रजी भाऊ. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेले, पण एकाचाही अर्थ चुकीचा नाही. मी चुका शोधायचा प्रयत्न केला होता, म्हणून सांगते.

घरीही हेच. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. त्यांच्या पत्नी पोळ्या करता करता गुडघा चोळत होत्या. मी विचारलं, "काकू, गुडघा दुखतोय का?" हवालदारांनी पानावरून मान वर केली. "कसा दुखतोय?" काकूंनी लाटणं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुमच्यासारखा. सारखा!" हवालदार इतके खूश झाले की जेवण झाल्यावर त्यांनी मला तो शब्द कुठं लिहावा यावर सल्ला विचारला.

त्या वहीत फक्त एका ठिकाणी लाल शब्द होता आणि निळी जागा रिकामी होती. तो शब्द होता टेरेब्रंट.

मी तो कधी ऐकला नव्हता. पाच वर्षांच्या शिक्षणात कुणी उच्चारला नव्हता. हवालदारांना तो एका म्हाताऱ्या लष्करी सर्जननं दिला होता, आणि तो कसा दिला हे ते प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवत. एका जवानाच्या पायाचं हाड आतून पोखरल्यासारखं दुखत होतं. सर्जनसाहेब त्याला आधी 'बोअरिंग पेन' लिहायचे, म्हणजे भोक पाडत आत जाणारं दुखणं. एका नव्या डॉक्टरनं ते वाचून जवानाला विचारलं, "कंटाळा येतो का तुला या दुखण्याचा?" तेव्हापासून साहेबांनी बोअरिंग सोडून दिलं आणि जुन्या पुस्तकातला टेरेब्रंट वापरायला काढला. "बोअरिंग म्हटलं की वाचनाऱ्याला जांभई येती," ते म्हणायचे म्हणे, "टेरेब्रंट म्हटलं की तो थांबतो. थांबला की इचार करतो."

"पण असा शब्द आता कुणीच वापरत नाही," मी म्हणाले. फोनवर शोधून त्यांना दाखवलं. शब्द होता, अर्थही तोच होता, पण पुढे 'दुर्मिळ' असा शेरा होता. मला वाटलं, आपण जिंकलो.

त्यांनी चष्मा लावून तो शेरा वाचला. "दुर्मिळ हाय म्हंजी हाय न्हवं?" म्हणाले. "पेशंट आला की घावंल जागा."

"आणि मराठी शब्द?"

"त्यो माझ्याकडनं न्हाई यायचा, बाई. ज्याला दुखतंय त्योच आनंल."

या शब्दाबाबत ते भलते कडक होते. आमच्या मॅनेजरांची एकदा दाढ दुखत होती. त्यांनी वहीतला टेरेब्रंट पाहिलेला. स्वतःच्या केसपेपरवर तो लिहून घ्यायची त्यांना फार हौस, कारण दाढेपेक्षा तो शब्द भारदस्त वाटत होता. हवालदारांनी त्यांना दाढेवर बोट ठेवायला लावलं, घड्याळ पाहिलं, आणि मान हलवली. "न्हाई साहेब. तुमचा निस्ता ठणका हाय." मॅनेजरांचं तोंड आणखी सुजलं. पुढे जे झालं त्यात या अपमानाचा थोडा वाटा असावा असा मला आजही संशय आहे.

पुढे झालं ते असं. दवाखान्यात कॉम्प्युटरवर केसपेपर आले. दुखण्यासाठी तीन चौकोन होते. कमी, मध्यम, जास्त. एकावर टिचकी मारली की झालं. मॅनेजरांनी सोमवारी सकाळी सगळ्यांना गोळा करून ते दाखवलं आणि म्हणाले, "आता तुमचा तो रकाना नको, हवालदार. वेळ जातो."

हवालदारांनी तिन्ही चौकोन नीट पाहिले. "साहेब, ही गुळाची प्रत लावायची हाय व्हय, एक नंबर, दोन नंबर?" त्यांनी विचारलं. "मान्साचं दुखनं हाय ह्ये."

कुणी हसलं नाही. मीही नाही, पण मनातून मी मॅनेजरांच्या बाजूची होते. दारात चाळीस पेशंट उभे असताना एकेकाला शब्द शोधायला बसवणं मला जडच जात होतं. हवालदारांनी वही खणात ठेवली आणि कॉम्प्युटरच्या प्रिंटला टाचण्या मारायचं काम घेतलं. बाकावर आता कुणी विचार करत बसत नव्हतं. रांग खरोखर भराभर सरकू लागली, आणि मला बरं वाटलं.

इथं माझ्या एका आवडीबद्दल सांगायला हवं. दवाखान्याच्या कोपऱ्यावर संध्याकाळी गिरमिटची गाडी लागायची. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांचा एक चमचमीत प्रकार, कांदा-चिंचेच्या मसाल्यात कालवलेला, वरून शेव, सोबत मिरचीभजी. कर्नाटकाकडून आलेला. साताऱ्यात मी तो कधी खाल्ला नव्हता आणि सांगलीत एकही संध्याकाळ सोडली नव्हती. त्यामुळे गिरमिट म्हटलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, हळदीच्या बाजारातला एक हमाल आला. साठीचा, जतच्याही पलीकडचा, मराठीत कानडी मिसळलेली. कागदावर टिचकी होती, 'जास्त'. बाहेर पोरं रडत होती, कुणाचा तरी फोन वाजत होता.

"काय होतंय?"

"पोटात गिरमिट, बाई. पाठीपतोर."

"कधीपासून?"

"चार दिस."

"रोज?"

"रोज. सारखं."

चार दिवस रोज गिरमिट! मला वाटलं, हा माणूस माझ्याही वरताण निघाला. "फार तिखट असतं ना ते?" मी विचारलं.

"तिखट? जीव घेतंय, बाई."

"मग बंद करा ते."

"बंद करायलाच आलोय की तुमच्याकडं!"

मला वाटलं, काय समजूतदार पेशंट आहे. खुर्चीवर बसल्या बसल्याच शर्टावरून पोट दाबलं, आम्लपित्ताचं औषध लिहिलं, बाहेरचं खायचं नाही म्हणून सांगितलं. त्याला पलंगावर झोपवलं नाही. ही चूक माझी, तिच्यात कॉम्प्युटरचा काही वाटा नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

पाच मिनिटांनी दार उघडलं. हवालदार त्याच हमालाला व्हीलचेअरवर घालून आत घेऊन आले होते. नंबर कुणाचा आहे हेही त्यांनी विचारलं नाही. त्यांना फक्त टाचणी मारायचं काम होतं, पण टाचणी मारायच्या आधी ते प्रत्येक कागद वाचत. माझा कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि 'गिरमिट खाल्ल्यानंतर पोटदुखी' या ओळीवर बोट ठेवलं.

"डॉक्टरबाई," ते हळू आवाजात म्हणाले, पेशंटला कळू नये इतक्या हळू. "शब्द बरुबर हाय. क्रियापद चुकलंय."

मला काही समजेना.

ते हमालाकडे वळले. "मामा, गिरमिट खाल्लासा व्हय?"

"खातोय कुटलं हो? चार दिस अन्न जाईना. गिरमिट फिरतंय म्हटलो मी." आणि त्यानं एक मूठ पोटावर ठेवली, दुसऱ्या हातानं तिच्यावरची काल्पनिक मूठ गोल गोल फिरवली, सुतार लाकडाला भोक पाडताना फिरवतात तशी. "हितनं घुसतंय. आनि हितं पाठीत निगतंय."

सुताराचं ते हातानं फिरवायचं हत्यार. त्यालाही गिरमिट म्हणतात. सातवीपर्यंत मी सुताराच्या घराशेजारी राहिले होते, आणि तरी मला एकच गिरमिट आठवलं होतं, ते शेव घातलेलं.

त्याला झोपवलं. शर्ट वर केला. बेंबीच्या वर हात ठेवला आणि माझ्या हाताखाली पोट उडायला लागलं, नाडी उडते तसं, पण मुठीएवढं. पोटातून खाली जाणारी मुख्य रक्तवाहिनी फुगली होती आणि मागे मणक्यावर घासत होती. सोनोग्राफीनं तेच दाखवलं. ती कधीही फुटली असती. पाठीवर पोतं उचलताना, रिक्षात बसताना, नाहीतर घरी जाऊन माझं गुलाबी औषध पिताना. आणि फुटली असती तर कुणाला काही करता आलं नसतं.

मोठ्या रुग्णालयाला फोन झाले, रुग्णवाहिका आली. सोबत द्यायची चिठ्ठी मी हातानं लिहिली, कारण तीन चौकोनांत हे बसत नव्हतं. दुखण्याच्या ओळीपाशी अडले. हवालदार शेजारी उभे होते. त्यांनी लाल-निळी पेन्सिल पुढे केली. मी लाल टोकानं लिहिलं, टेरेब्रंट. आणि निळ्या टोकानं, पेशंटचा शब्द, गिरमिट फिरतंय.

पलीकडच्या सर्जननी पुढे फोनवर मला विचारलं, "हा शब्द कुठून काढलात? मी वाचता वाचता थांबलो. फुगवटा सोनोग्राफीत होताच, पण किती घाई आहे ते या शब्दानं कळलं. आधी थिएटर तयार ठेवलं, मग पेशंट उतरवला." मी त्यांना खरं सांगितलं, सगळं, खाल्लेल्या गिरमिटसकट. ते हसले नाहीत. "तुमच्या त्या माणसाला सांभाळा," एवढं म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मी हवालदारांच्या टेबलाशी गेले. रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मला वाटलं ते बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी वही उघडली, ते पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"लिवा."

"मी? तुम्ही पकडलंत हवालदार, मी तर..."

"पयल्यांदा त्यो शब्द कुनाच्या कानावर पडला? तुमच्या. चुकीचा का हुईना, तुमी त्यो कागदावर उतरवलासा. 'पोटदुखी' एवढंच लिवलं असतासा तर मला काय घावलं असतं?" त्यांनी निळं टोक माझ्याकडे केलं. "तीस वर्सं वाट बगितली ह्या जागंनं. नीट अक्षरात लिवा."

मी लिहिलं. 'गिरमिट'. त्यांनी वाचलं आणि वही परत माझ्यापुढे ढकलली. "क्रियापद?" मग मी पुढे 'फिरतंय' लिहिलं. माझी प्रमाणपत्रं पुढे बरीच झाली, एमडीचंही त्यात आहे. पण ज्या कागदावर माझं अक्षर असल्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, तो कागद त्या वहीत आहे.

हमाल वाचला. दीड-दोन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला, अंगात नवा सदरा, हातात दोन पुडकी. एक हवालदारांना दिलं. त्यात खरं गिरमिट होतं, लाकडी मुठीचं, त्याच्या सुतार मेहुण्यानं वापरून गुळगुळीत केलेलं. दुसरं पुडकं त्यानं माझ्या हातात ठेवलं. ते गरम होतं आणि त्याला कांद्याचा वास येत होता.

"हे तुमचं गिरमिट, बाई," तो म्हणाला. "तुमी खावा. मी बंद केलोय."

सगळा दवाखाना हसला. मॅनेजर इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली, आणि त्याच आठवड्यात त्यांनी पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून चौथा चौकोन करून घेतला. त्याचं नाव 'पेशंटचा शब्द'. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, यात कोणकोणते पर्याय टाकू? मॅनेजर काही बोलणार तोच टाचण्यांच्या टेबलाकडून आवाज आला, "मोकळा ठिवा." तो मोकळा ठेवला गेला. बाकावर परत माणसं विचार करत बसू लागली. रांग परत लांबली, आणि तक्रार करणाऱ्यांना मी स्वतः उत्तरं देऊ लागले.

मी तिथून निघाले तेव्हा हवालदारांनी ते लाकडी गिरमिट मला दिलं. वही दिली नाही. मी मागितली होती. "वही अजून संपली न्हाई," म्हणाले.

आता मी साताऱ्यात असते. माझ्या हाताखाली सहा-सात नवे डॉक्टर शिकतात आणि माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण त्यांनी 'सिव्हिअर पेन' लिहून आणलं की मी कागद परत देते. टेबलावरचं गिरमिट पाहून कुणी ना कुणी विचारतंच की मॅडम, हे कशासाठी. मग मी त्यांना सगळं सांगते. माझी चूक आधी सांगते, मग हवालदार. ते सांगताना माझा आवाज जरा चढतो, असं मला सांगण्यात आलं आहे. चढू दे.

हवालदार निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं होतं. मग बरीच वर्षं काही नाही. परवा सकाळी रहिमतपूरकडच्या एका आरोग्य केंद्रातून पेशंट येणार असल्याच्या चिठ्ठीचा फोटो फोनवर आला. पाठवणारी नवी डॉक्टर, अक्षर कोवळं. पासष्ट वर्षांचा शेतकरी, पाठदुखी. वाचता वाचता मी थांबले. लिहिलं होतं, 'टेरेब्रंट. पेशंटचा शब्द, गिरमिट.' मी आधी सोनोग्राफीची खोली रिकामी करायला सांगितली आणि मगच तिला फोन लावला.

"हा शब्द तुला कुणी शिकवला?"

ती घाबरली. "चुकलं का मॅडम? इथं बाहेर बाकावर एक आजोबा बसतात. नोकरीला नाहीत, असेच येतात. पेशंट आत यायच्या आधी त्याला विचारतात. कुणी 'लय' म्हटलं तर..."

"तर बसवून ठेवतात. माहीत आहे. त्यांना फोन दे."

फोन हातोहात गेला. बाक करकरलं, कुणीतरी उभं राहिल्यासारखं. मी मुद्दामच म्हणाले, "कोण, सुभेदार का?"

"हवालदार," पलीकडून आवाज आला. मग, "डॉक्टरबाई? शब्द पोचला न्हवं?"

"पोचला."

"चिठ्ठीत पोरीचं क्रियापद ऱ्हायलंय लिवायचं."

"फिरतंय," मी म्हणाले.

"बरुबर. मग फोन ठिवा आता. गाडी साताऱ्यात शिरत आसंल, त्येला बगा."